मामांनी न केलेला दावा
कार्डिफमधल्या मराठी माणसांपैकी कोणाचं बोट दारात चिरडलं, कोणाच्या कुंपणावर शेजाऱ्याचं झाड पडलं किंवा कोणाला कुत्रा चावला, तर डॉक्टरच्या आधी ती बातमी माझ्या बायकोच्या मामांकडे जायची. मामा वकील नव्हते. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तीस वर्षं रक्ताचे नमुने तपासून निवृत्त झालेले गृहस्थ. पण निवृत्तीच्या सुमारास जुन्या वस्तूंच्या एका चॅरिटी शॉपमध्ये त्यांना अपकृत्यांच्या कायद्यावरचं एक जाडजूड पुस्तक मिळालं, आणि जगात माणूस कुठे कुठे घसरू शकतो याखेरीज त्यांना दुसरा विषय उरला नाही. जेवायला बोलावलं तर आधी जिन्याचा कठडा हलवून पाहत. गालिच्याचा दुमडलेला कोपरा दिसला की यजमानाकडे करुणेने बघत. "गुन्हा हे पोलिसांचं काम. अपकृत्य म्हणजे आपलं आपसातलं," असं म्हणून ते बोटं मोजत. "काळजी घ्यायला हवी होती, घेतली नाही, म्हणून दुसऱ्याला इजा झाली. हे तिन्ही जुळलं तर भरपाई मागता येते, जावईबापू." एका बाईंचे केस सलूनमध्ये जळले तेव्हा बाकीचे सांत्वनाला गेले. मामांनी दारातूनच विचारलं, "फोटो काढलात?"

"अशा अवतारात?" बाई रडायच्या थांबल्या.

"अशाच अवतारात. फक्त हसू नका."

मग त्यांना घेऊन ते स्वतः सॉलिसिटरकडे गेले आणि बाहेरच्या खुर्चीवर दोन तास बसून राहिले. "मी नुसता वाचक. सल्ला त्यांचाच घ्यायचा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि दुसरं, "दावा करायला तीन वर्षांची मुदत असते, पण ती वाट पाहण्यासाठी नसते." यावर मामी म्हणायच्या, "आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. मुदत टळली, नाहीतर मीच दावा केला असता." सगळ्यात मोठ्याने मामाच हसायचे.

आमच्या मराठी मंडळाने कार्यक्रमात कोणाला इजा झाली तर भरपाई देणारा विमा उतरवला तो त्यांनी तीन सभांमध्ये घसा बसवला म्हणून. 'फरशी ओली आहे' असं इंग्रजीत आणि वेल्शमध्ये सांगणारी पिवळी पाटीही त्यांनीच आणली. ती ते स्वतःच्या गाडीतून प्रत्येक कार्यक्रमाला घेऊन येत.

पावणेतीन वर्षांपूर्वी, संक्रांतीला हॉलची व्यवस्था माझ्याकडे होती. स्वयंपाकघराच्या दारात चहा सांडला, मी फरशी पुसली, पाटी उभी केली. तेवढ्यात बायकांचा फोटो निघायचा होता. एवढ्या काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, आणि मधोमध ती पाटी! मी ती उचलून पडद्यामागे सरकवली. दोन मिनिटांसाठी. फोटो निघाला, मी कॅमेऱ्यात तो बघत राहिलो, आणि मामा तिळगुळाचं ताट घेऊन दारातून बाहेर आले.

खुब्याचं हाड मोडलं होतं. जमिनीवर पडल्या पडल्या त्यांची नजर पडद्याखालून डोकावणाऱ्या पिवळ्या कडेवर गेली, आणि मग माझ्यावर.

मंडळाचे लोक हॉस्पिटलात येऊन म्हणाले, "मामा, विमा तुम्हीच घ्यायला लावलात, आता दावा करा." मामा म्हणाले, "माझंच लक्ष नव्हतं." दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर त्यांनी त्याला तासभर झापलं असतं. दाव्यात पाटी कोणी हलवली ते लिहावं लागलं असतं. ज्या घरात जावयाला उठून पाणीही घेऊ देत नाहीत, त्या घरातला माणूस जावयाचं नाव अशा कागदावर कसं घालणार? ते मीच मंडळाला सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मामांचा पलंग खालच्या खोलीत आला, खाली न्हाणीघर बांधायचं पैशांअभावी राहून गेलं, आणि लोकांबरोबर सॉलिसिटरकडे जाणं कायमचं थांबलं.

एकदा मी संत्रं सोलून देत होतो. मामा खिडकीकडे बघत म्हणाले, "माफी मागितली म्हणजे लगेच जबाबदारी कबूल केली असं होत नाही, बरं का. इथल्या कायद्यातच तसं म्हटलंय." मी म्हटलं, "हो का?" आणि फोडी बशीत मांडल्या. मग त्यांनी एक फोड उचलली आणि संत्रं गोड असल्याचं सांगितलं.

या शरद ऋतूत मामा गेले. मुदत संपायला काही महिने उरले होते.

गेल्या रविवारी मी मामींना सगळं सांगितलं. त्या पोळ्या लाटत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, रागावतील.

"त्यांना माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही येणार असलात की सकाळपासून दाढी करून बसायचे. म्हणायचे, आज बोलतील बहुतेक."

मग त्यांनी पुढची पोळी तव्यावर टाकली आणि मला पाट घ्यायला सांगितलं. मी जेवलो. प्रत्येक पोळीवर त्यांनी तूप वाढलं.