खालून उघडा पट्टा

आपल्या शाळांना गांडूळ एकच माहीत आहे, पुस्तकात छापलेलं. त्याच्या चौदाव्या ते सोळाव्या वलयावर एक जाडसर पट्टा असतो, ज्याला क्लायटेलम म्हणतात. तो अंगाभोवती अंगठीसारखा पूर्ण फिरलेला असतो. तेवढं पाठ करून माणसं डॉक्टर होतात आणि पुन्हा आयुष्यात गांडुळाकडे ढुंकून बघत नाहीत. हेच एकुलतं एक गांडूळ आता कतारलाही पोचलंय, अल गराफातल्या माझ्या लेकीच्या भारतीय शाळेत.

मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि नंतर काही वर्षं सह्याद्रीच्या उतारांवर चिखलात गुडघे टेकून गांडुळं गोळा केली. गांडूळ रंगावरून ओळखता येतं असं समजणाऱ्यांशी मी फार वेळ बोलत नाही. पट्टा कितव्या वलयापासून सुरू होतो, तो अंगठीसारखा बंद आहे की खोगिरासारखा खालून उघडा, अंगावरचे बारीक राठ केस प्रत्येक वलयाला गोल फिरलेत की जोड्याजोड्यांनी आहेत, नर-छिद्रं कुठे उघडतात, हे सगळं बघून मग जात ठरते. पुढे नवऱ्याला दोह्यात आयटीचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं आणि माझी विद्या भिंगासकट कपाटात गेली. घरी कुणी आलं की नवरा कौतुकाने सांगतो, "हिला किड्यांचं भारी वेड आहे." गांडूळ हा किडा नव्हे, एवढंसुद्धा या माणसाच्या डोक्यात मला अजून घालता आलेलं नाही.

गेल्या वर्षी लेकीला शाळेने गांडुळाचं निरीक्षण करून आकृती काढायला सांगितली. वर्गातल्या बाकीच्यांनी पुस्तकातली उतरवली, कारण निरीक्षण म्हणजे तेच असा सगळ्यांचा समज. मी कपाटातून भिंग काढलं. नर्सरीतून आणलेल्या कढीपत्त्याच्या कुंडीत एक फिकट गुलाबी गांडूळ मी आधीच हेरून ठेवलं होतं. ही जात मूळची दक्षिण अमेरिकेतली. कुंड्यांच्या मातीतून फिरत फिरत ती सगळ्या उष्ण देशांत पसरली. शेपटाकडचे केस एकाआड एक, ब्रशासारखे, ही तिची खूण.

लेकीला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. मला त्याचं वाईट वाटतं. त्या संध्याकाळी मात्र ओल्या टिश्यूवर मी गांडूळ उलटं केलं, तिने भिंगाला डोळा लावला आणि किंचाळलीच, "आई, हा पट्टा खालून उघडाय! पुस्तकात चुकलंय!"

अख्खं वाक्य मराठीत! पुस्तकातलं चूक नाही, ती वेगळी जात आहे, हे मी तिला समजावलं. मग तिने पोटाकडच्या बाजूची आकृती काढली, जशी दिसली तशी. मी तिच्या शेजारी बसून नुसती बघत राहिले. या घरात माझ्यासारखं बघणारं आणखी कुणीतरी आलं होतं. ते टिकावं, एवढंच मला हवं होतं.

आकृती परत आली ती लाल शाईची फुली घेऊन. खाली इंग्रजीत शेरा होता, पट्टा पूर्ण असतो, पुस्तक पाहा.

"सोड ना आता," नवरा म्हणाला. "परत काढून देईल ती."

मी पालकसभेची वाट पाहिली. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ओली माती आणि गांडूळ घेतलं, फुली मारलेली आकृती घेतली, लेकीला घेतलं आणि विज्ञानाच्या मॅडमपुढे जाऊन बसले.

"मॅम, बोर्ड में तो यही आता है," त्या म्हणाल्या.

"आप एक बार देखिए तो सही." मी भिंग पुढे केलं. मॅडमनी खुर्ची मागे घेतली. मग दुरूनच डब्यात डोकावून शेपटाकडे बोट दाखवलं. "ये मुँह है ना?"

"नहीं मॅम, पूँछ है."

बाई जराही ओशाळल्या नाहीत. "तो फिर आपका वाला अबनॉर्मल होगा."

पुस्तकाशी जुळत नाही म्हणून जिवंत प्राणीच चुकला! डबा त्यांच्या टेबलावर उपडा करावा असं मला मनापासून वाटलं. तो मोह आवरून मी अंगठी, खोगीर, जाती, सगळं सांगत सुटले. मागे रांगेतल्या आया चुळबुळ करायला लागल्या.

मॅडमनी माझं संपायची वाट पाहिली नाही. लेकीकडे वळून साखरेत घोळलेल्या आवाजात म्हणाल्या, "बेटा, जस्ट करेक्ट इट नाउ. आय विल गिव्ह यू फुल मार्क्स." आणि पेन्सिल पुढे सरकवली.

लेकीने माझ्याकडे पाहिलं नाही, डब्याकडेही नाही. पेन्सिल घेतली आणि पट्ट्यातली मोकळी जागा भरून टाकली, अगदी सफाईने. मॅडम म्हणाल्या, "व्हेरी गुड."

परतताना टॅक्सीत डबा माझ्या मांडीवर होता. सिग्नलला थांबलो तेव्हा मी विचारलं, "तू तर स्वतः बघितलं होतंस ना गं?"

"आय नो, आई," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "बट इट्स ओन्ली अ वर्म."

मॅडमना मी आजही खुशाल मूर्ख म्हणते. त्यांनी पाहिलंच नव्हतं. हिने पाहिलं होतं.