न्यायाधीशाची गिरकी

राजाराम काका विनोद सांगायच्या आधीच हसून घ्यायचे. चहात बुडवलेलं बिस्कीट विसरायचे, मग चमच्याने शोधायचे. लिफ्टमध्ये शिरणाऱ्या अनोळखी माणसाला विचारायचे, कुणाकडे? फोनवर 'ठेवतो' म्हटल्यावर खरं बोलणं सुरू करायचे. रांगेत उभे असले की हातात नसलेल्या झांजा वाजवायचे. इंग्रजी शब्द अडला की तो दुप्पट वेगाने म्हणायचे, म्हणजे अडला हे कुणाला कळायचं नाही.

विक्रोळीला ते आमच्या खालच्या मजल्यावर राहत. आडनाव घाडी, गाव मालवणकडचं, फॅक्टरीतून निवृत्त. इमारतीच्या गणपतीत वर्षानुवर्षं आरती तेच धरत. गेल्या वर्षी नव्या कमिटीने ती स्पीकरवरच्या रेकॉर्डिंगला दिली. कारण सांगितलं, काकांचा वेग. कमिटीतला नितेश म्हणाला होता, देवाला कळायच्या आत तुमची आरती संपते. काका हसले. मग घरी जाऊन झांजा माळ्यावर टाकल्या.

म्हणून मी त्यांना पद्मजा मॅडमकडे नेलं. मॅडम इंग्रजीच्या निवृत्त प्राध्यापक, मी त्यांची विद्यार्थिनी. पवईत हौशी मंडळी जमवून त्या इंग्लिश कॉमिक ऑपेरा बसवत होत्या. म्हणजे सगळं गाण्यांतून चालणारं विनोदी नाटक. त्यांनी स्वतःच लिहिलेलं. एका गावात शिंकणं गुन्हा आहे आणि न्यायाधीशाला सर्दी झाली आहे. न्यायाधीशाला एक गाणं होतं, जवळजवळ श्वास न घेता म्हणायचं. वन्स मोअर आला तर त्याहून वेगात म्हणायचं, हे मॅडमनी ठरवूनच टाकलं होतं. ही भूमिका अनिरुद्धकडे होती. तो इंजिनिअरिंगचा मुलगा. प्रत्येक शब्द सही करून दिल्यासारखा म्हणायचा. काकांनी दोनचारदा ऐकलं आणि अर्थ न विचारता म्हणून दाखवलं. मॅडमनी चष्मा काढून पुसला. ऐकण्याशी चष्म्याचा काय संबंध, मला माहीत नाही.

भूमिका काकांकडे आली. अडचण एकच होती. काका हसत. आणि मॅडमचा नियम कडक होता: हे विनोदी आहे, हे स्टेजवरच्या कुणालाही माहीत नसतं. न्यायाधीश शिंकेला फाशी देतो ती मनापासून देतो. हसायचं काम तिकीट काढलेल्यांचं. काका अर्ध्या कडव्यापर्यंत पोचत आणि फुटत. शेवटी मॅडमनी सांगून टाकलं, रंगीत तालमीत हसलात तर भूमिका परत अनिरुद्धला.

काका माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला. हाच चेहरा तालमीला का आणत नाही, मी विचारलं.

"माका हसू येता गो, मी काय करू? आरती गेली, आता ह्या पण जातला."

"आरतीत कधी हसलात?"

"आरतीत कोण हसता?"

"मग ही आरती समजा."

रंगीत तालमीत काका दगड झाले. सर्दी झालेला न्यायाधीश इतका गंभीर, की तालीम बघायला आलेल्यांनी आपापली शिंक दाबली. भूमिका वाचली.

प्रयोग मुलुंडला झाला. न्यायाधीशामागे उभ्या राहणाऱ्या ज्यूरीला, म्हणजे पंचांना, पुरुष कमी पडत होते म्हणून काकांनी आमच्याच इमारतीतले गडी आणले होते, त्यात नितेशही. पहिल्या रांगेत त्यांच्या बायका. गाणं झालं, वन्स मोअर आला. काकांनी वेग वाढवला. पुन्हा वन्स मोअर. आता इंग्रजी उरलंच नाही, नुसता ठेका राहिला. तो कुठला, हे मला शेवटच्या ओळींना कळलं. तोवर उशीर झाला होता. काकांनी डोळे मिटले, हात जोडले आणि आरतीच्या शेवटी घेतात तशी स्वतःभोवती गिरकी घेतली. काळा झगा छत्रीसारखा उघडला. त्यांच्यामागे अख्खी ज्यूरी फिरली. पहिल्या रांगेतल्या बायका उठून फिरल्या. मग काकांनी टेबलावरचं तबक उचललं, खाली उतरले आणि ते रांगेतून फिरवलं. तबकात आरोपीचा जप्त केलेला रुमाल होता. बायकांनी त्याच्यावरून हात फिरवून कपाळाला लावले. काका हसले नाहीत. ज्यूरी हसली नाही. पहिली रांगही हसली नाही. इथे काही विनोदी चाललंय, हे त्यांच्यातल्या कुणालाही माहीत नव्हतं. मागच्या रांगांतले पवईहून आलेले प्रेक्षक मात्र खुर्च्यांवरून घसरत होते.

विंगेत मॅडमनी काकांचा झगा सरळ केला. मग म्हणाल्या, "घाडी, यापुढे प्रत्येक प्रयोगात गिरकी. आणि हसलात तर याद राखा."

दुसऱ्या दिवशी नितेश काकांच्या दारात. यंदा आरती धरणार का, म्हणून. काका म्हणाले, तारखा बघून सांगतो.

तारखा बघितल्या तर गणपतीतच एक प्रयोग येत होता. काकांनी आरती पत्करली, झांजा उतरवल्या, आणि त्या प्रयोगासाठी अनिरुद्धला गाणं शिकवायला बसले.

मग एका दुपारी सुरमई खाऊन आडवे झाले ते उठलेच नाहीत.

मी खाली गेले आणि नुसती उभी राहिले. काय करतात अशा वेळी, मला आठवेना. काकांच्या ओठांचा डावा कोपरा वर होता. मॅडमही आल्या होत्या. माझ्या कानाशी म्हणाल्या, "बघ, परत हसतायत."

आता न्यायाधीश अनिरुद्धच. दुसऱ्या कडव्यात एक साक्षीदार बाई शिंकते, तिथपर्यंत तो काकांसारखा सुटतो. पुढचं गुरुवारी घेऊ, असं शिकवताना काका म्हणाले होते. तिथून तो पुन्हा शब्द न् शब्द सही करून देतो, आणि मागे ज्यूरी गिरकीसाठी एक पाय उचलून थांबून राहते.