बाहेर म्हणजे कुठे

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत एसी आतून-बाहेरून ओळखणारा एकच माणूस, राजरत्न. आयटीआय केल्यापासून तो प्रभादेवीच्या टॉवरांतले एसी दुरुस्त करतो. त्यात मास्तरकीची भारी हौस. "थंडी नावाची वस्तूच नसते," हे तो समोर दिसेल त्याला ऐकवायचा. "असते ती उष्णता. ती आपणहून गरमकडून गारकडे जाते. उलटी न्यायची तर मशीनला राबायला लागतं, आणि राबणारं मशीन स्वतः पण तापतं. म्हणजे आतून जेवढी काढली, त्याहून जास्त बाहेर पडते. नाहीशी काहीच होत नाही."

गेल्या एप्रिलात त्याने स्वतःच्या खोलीत एसी लावला. हौसेने नाही. त्याचे वडील बाबुराव हृदयाचे पेशंट. उकाड्यापासून जपा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाहेरचं युनिट मात्र त्याने गॅलरीत ठेवलं, शेजारी एकट्या राहणाऱ्या कालिंदीमावशींच्या खिडकीला लागून.

"गरमी बाहेर टाकतो म्हणतोस," मावशी म्हणाल्या, "पण बाहेर म्हणजे कुठे रे राजा? बाहेर तर मी राहते."

आम्ही सगळे हसलो. राजरत्न ओशाळला. "रविवारी गच्चीवर नेतो, मावशी."

पण मे म्हणजे त्याचा सीझन. टॉवरवाल्यांचे फोन थांबेनात. दोन रविवार तसेच गेले. गरम झोत सहन होईना म्हणून मावशींनी आधी खिडकी लावून घेतली, मग दार. आमच्याकडे दिवसा दार लावलं की माणूस रुसलाय असं धरतात, आणि रुसलेल्याला कोणी छेडत नाही. मीही कडी वाजवली नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी नळाला पाणी आलं, पण मावशींची कळशी आली नाही, तेव्हा दार तोडलं. वरचा माळा, बंद खोली. आत पाय ठेववत नव्हता. मावशी लादीला गाल टेकवून पडल्या होत्या. डॉक्टरांनी उष्माघात लिहिला.

दुसऱ्या दिवशी अंत्यविधी उरकून आम्ही परतलो, तर राजरत्न शिडी घेऊन आला. "आता कशाला हलवतोस?" बाबुरावांनी आतून विचारलं. त्याने शिडी भिंतीला टेकवली. मी शिडी धरली. युनिट गच्चीवर चढवून, पाइप जोडून तो खाली उतरला, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि मावशींच्या उंबऱ्यावर मटकन बसला.

"पाऊण तास लागला," तो म्हणाला.