चार बोटांच्या आत सुई नाही

सांगायला कुणी नसलं ना, की किस्से जास्त साठतात! सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. कोल्हारच्या पलीकडं एका लहान दवाखान्यात मी नर्स होते. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. एरवी मी आणि गावची सुईण सखूबाई.

डॉक्टरांनी बजावलं होतं, "गर्भपिशवीचं तोंड चार बोटं उघडल्याशिवाय पेथिडीन द्यायचं नाही." म्हणजे दुखणं कमी करायचं इंजेक्शन. बाळंतपणाला आलेली एक बाई लई ओरडत होती. मला दया आली, दोन बोटांवरच दिलं. बाई घोरायला लागली आणि कळाही गायब! सासू कडाडली, "सुनेला मोकळी करायला आणली हुती, निजवायला न्हाई!"

दुसरी अगदी शेवटच्या घटकेला सुई मागायला लागली. म्हटलं, "आता दिली तर बाळ झोपाळू जन्मेल." तर म्हणते, "झोपू द्या की! मला तरी कुटं झोप हाय!"

सखूबाईचं औषध वेगळंच. बाळंतीण अडली की तिचा अंबाडा सोडायचा आणि घरातली सगळी कुलपं काढायची. सगळं मोकळं केलं की बाईही मोकळी होते म्हणे. एकदा तिनं औषधांचं कपाट उघडलं, वर माझी ट्रंकसुद्धा! आत आईला लिहिलेलं पत्र होतं.

"हे बंद कशापायी?" तिनं विचारलं.

"टाकायचं राहिलं," म्हटलं. राहिलं कसलं! तिच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून केडगावला आई दोन वर्षं बोलत नव्हती. नवराही सोडून गेलेला, आणि मला सातवा महिना. संध्याकाळी दवाखाना रिकामा झाला की मी एकटीच रडायचे.

माझी वेळ आली आणि दोन बोटांवर कळा थांबल्या. सखूबाईनं सगळी कुलपं काढली. अंबाड्याला मात्र मी हात लावू दिला नाही. नर्स ना मी! वर म्हटलं, "सुई दे गं, सोसवत नाही."

"चार बोटांच्या आत सुई न्हाई, तुमीच सांगता ना?"

तेवढ्यात दारात आई उभी. हातात माझं पत्र.

मी सखूबाईकडं बघितलं. ती म्हणाली, "ट्रंकंत बंद हुतं. टाकलं टपालाच्या पेटीत."

आई आत आली. उशाशी बसली आणि माझ्या अंबाड्यातले आकडे एकेक काढायला लागली.