तुमचं राज्य कोणतं?

नेत्रा तोक्योतल्या आमच्या फुनाबोरीच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहते. नवरा स्वानंद मूळचा पुण्याचा, पण न्यू जर्सीत बरीच वर्षं काढून अमेरिकेचा नागरिक झालेला. मुलगी क्षिप्रा तिथलीच, जन्माने अमेरिकन. स्वानंदच्या अमेरिकन कंपनीने त्याला तोक्योला पाठवलं आणि तिघं इथे आली. नेत्राकडे भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड. घरात एकटी तीच वेगळी, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात ते सुट्टीला अमेरिकेत गेले. विमानतळावर स्वानंद आणि क्षिप्रा पुढे गेले आणि नेत्राला बाजूच्या खोलीत बसवलं.

"तुम्ही राहता कुठे?" अधिकाऱ्याने विचारलं.

"तोक्योला."

"मग हे कार्ड कशासाठी? हे अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी असतं."

शेवटी ताकीद देऊन सोडलं. बाहेर क्षिप्रा रडून रडून लाल झाली होती. परत आल्यावर नेत्रा माझ्याकडे आली, चहा तसाच ठेवून म्हणाली, "सिंधूताई, तो ओरडला असता तर बरं झालं असतं हो. अगदी शांतपणे बोलत होता. पुढच्या वेळी या दोघांना आत घेतील आणि मला परत पाठवतील."

त्या दिवसापासून तिच्या मनात भीती बसली ती बसलीच. फोन वाजला तरी दचकायची.

स्वानंदने चौकशी केली. नागरिकाला त्याच्या कंपनीने परदेशी पाठवलं असेल, तर त्याच्या बायकोला लवकर नागरिकत्व मिळू शकतं. मात्र मुलाखतीला अमेरिकेत जावं लागतं आणि देशाच्या इतिहासाची, कारभाराची तोंडी परीक्षा द्यावी लागते. त्यांनी अर्ज भरला. जपानहून जवळ म्हणून होनोलुलूचं कार्यालय निवडलं.

इतिहास नेत्राने धडाधड पाठ केला. अडली ती चार प्रश्नांवर. तुमच्या राज्याची राजधानी कोणती? गव्हर्नर कोण? सिनेटर कोण? तुमच्या भागाचा प्रतिनिधी कोण? या प्रश्नांपुढे उत्तरच छापलेलं नव्हतं. तुम्ही राहता तिथलं उत्तर द्या, एवढंच.

"पण मी राहते तोक्योच्या एदोगावात!" ती स्वानंदला म्हणाली.

"न्यू जर्सीचं पाठ कर. शेवटचा पत्ता तोच आहे आपला."

"मुलाखत होनोलुलूला आहे. त्यांनी हवाईचं विचारलं तर?"

"नाही विचारणार गं."

"तुला कसं माहीत?"

मग तिने दोन्ही राज्यं पाठ केली. ट्रेंटन आणि होनोलुलू, दोन्हींचे सिनेटर, दोन्हींचे गव्हर्नर. जवळच्याच निशी-कसाईच्या बेकरीत तिचा बाइतो आहे, म्हणजे अर्धवेळ काम. तिथे पावावर साखर भुरभुरवताना ती नावं पुटपुटायची. सोबतच्या जपानी बायकांना वाटायचं, देवाचं काही म्हणतेय. एकदा नावं घोकता घोकता तिने प्लास्टिकचा कचरा भलत्याच दिवशी ठेवला. इथे प्रत्येक कचऱ्याचा वार ठरलेला; कचरेवाल्यांनी पिशवी नेलीच नाही, वर चूक दाखवणारी लाल चिठ्ठी चिकटवून ठेवली. ती चिठ्ठी बघून तिला रडू कोसळलं. एवढ्याशा कागदाला कोणी इतकं घाबरलेलं मी पाहिलं नव्हतं.

जानेवारीत न्यू जर्सीचा गव्हर्नर बदलला. घोटून घोटून बसवलेलं नाव एका दिवसात चूक झालं.

क्षिप्रा तिचे प्रश्न घ्यायची. उत्तर चुकलं की पोरगी जपानीत म्हणायची, "चिगाऊ!" म्हणजे चूक. एका संध्याकाळी नवीन नावाऐवजी जुनंच नाव तोंडून गेलं आणि पोरगी टाळी वाजवून "चिगाऊ, चिगाऊ" करत नाचली. नेत्रा तिच्यावर अशी खेकसली की पोरगी खाली माझ्याकडे येऊन बसली.

"आजी," ती हळूच म्हणाली, "मम्मी फेल झाली तर ती आमच्यासोबत येणार नाही?"

"पुन्हा परीक्षा देता येते, बाळा," मी म्हटलं. हे खरं होतं. पण पोरीचं समाधान झालं नाही, आणि माझंही नाही.

मार्चमध्ये ते होनोलुलूला गेले. तिथलं नेत्राने मला नंतर सांगितलं. अधिकारी बाई वयस्कर होत्या. पहिली काही उत्तरं बरोबर आली. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या राज्याची राजधानी कोणती?"

नेत्राला दोन्ही शहरं समोर दिसत होती आणि तोंडातून एकही निघेना. शेवटी ती बोलून गेली, "मॅडम, माझं राज्य कोणतं तेच मला ठाऊक नाही. मी जपानमध्ये राहते."

आपण आपल्या तोंडाने सगळं संपवलं, असं तिला वाटलं. तोक्यो हा शब्द उच्चारून एकदा काय झालं होतं ते तिला आठवत होतं. बाईंनी चष्मा काढला आणि कागद चाळले.

"नवऱ्याची नेमणूक संपली की कुठे राहणार?"

"न्यू जर्सी."

"मग तिथलं सांगा."

"ट्रेंटन," नेत्रा म्हणाली. पाठोपाठ गव्हर्नरचं नाव विचारलं, तेही नवीन, बरोबर आलं.

ती पास झाली. त्याच दुपारी शपथविधी होता. उजवा हात वर करून तिने शपथ घेतली. भीती गेली असं तिला वाटेना, भीतीने फक्त जागा बदलली होती.

बाहेर येऊन तिने कऱ्हाडला वडिलांना फोन लावला. बाळासाहेबांनी आनंदाने सगळं विचारून घेतलं, मग म्हणाले, "म्हणजे आता इकडं यायला तुला व्हिसा लागणार?"

"हो, बाबा. भारतीय पासपोर्ट आता चालणार नाही. परदेशी झालेल्या भारतीयांना एक कार्ड देतात, ते मिळेपर्यंत व्हिसा लागेल."

मग ते म्हणाले, "मग अर्ज लवकर कर. माझं वय थांबत नाही."

"स्वानंद माझं अभिनंदन करत होता," नेत्रा मला सांगत होती, "आणि मी त्याचा दंड धरून नुसती उभी होते, ताई."

नवा अमेरिकन पासपोर्ट घेऊन तोक्योला परतली त्याच आठवड्यात तिने भारताच्या व्हिसाचा अर्ज केला. अजून उत्तर यायचंय.