स्टीलवर कोरलेले वर्ग

१३७९ या आकड्यावर माझी नजर अडली, तेव्हा प्लेट मशीनमध्ये लागलेली होती. मी मशीन सुरू करायचं थांबले.

"काका, फाइलमध्ये चूक आहे."

"आवं न्हाई ताई! सदतीसचा वर्ग हाय त्यो. मी सवता टाइप केलाय."

कुपवाडला माझं लेझर मार्किंगचं वर्कशॉप आहे. आम्ही धातूवर अक्षरं, आकडे कोरतो. एकदा कोरलं की पुसता येत नाही. काका सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आता पलूसकडच्या एका शाळेच्या कमिटीवर. शाळेच्या भिंतीवर पन्नासच्या आतल्या मूळ संख्या आणि त्यांच्याखाली वेगळ्या प्लेटवर त्यांचे वर्ग लावायचे होते. मूळ संख्या म्हणजे एक आणि स्वतः सोडून जिला कशानेच भाग जात नाही ती. उद्घाटन दुसऱ्याच दिवशी दुपारी.

"गुनाकार न करताच कसं वळखलं?" काकांनी विचारलं.

"पाचच्या पुढच्या मूळ संख्येचा वर्ग १ नाहीतर ९ वरच संपतो. आणि त्याच्या आधीचा, दशकाचा आकडा कायम सम असतो. ४९, १२१, १६९, २८९. तुमच्या १३७९ मध्ये तिथे ७ आलाय."

काकांनी मोबाइलवर गुणाकार केला. १३६९.

"आयला! लय भारी हाय की हे!"

मग उरलेली यादी आम्ही याच खुणेवर तपासली. काका मोठ्याने वाचत होते, मी "ओके" म्हणत होते. सगळे पास. प्लेट्स कोरून झाल्या आणि काका खुशीत घेऊन गेले.

सकाळी शाळेतून गणिताच्या मोहितेबाईंचा फोन.

"मॅडम, सत्तेचाळीसचा वर्ग २२०९. प्लेटवर २०२९ आहे."

शेवटी ९, दशकात २ नाहीतर ०, दोन्ही सम. मधले आकडे आलटून पालटून पडलेले आणि माझी खूण निवांत पास. नवी प्लेट कोरली आणि तडक गाडी काढली. पाहुणे यायच्या आत ती भिंतीवर चढली.

"जुनी द्या, भंगारात टाकते," मी म्हटलं.

"छे! ही नाही देणार," मोहितेबाई हसल्या. "त्रेचाळीसपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं; सत्तेचाळीसचा वर्गच याहून मोठा, म्हणून पुढे बघायची गरज नाही. कशानेच भाग जात नाही. २०२९ ही स्वतःच मूळ संख्या आहे!"

ती प्लेट शाळेच्या गेटवर लागली. काका पाहुण्यांना छाती काढून सांगत होते, "ही आमी मुद्दाम करून घेतलीया."

खूण चुकलेलं पकडते. बरोबर असल्याची गॅरंटी देत नाही. हल्ली मी खूण बघते आणि गुणाकारही करते.