चंपाषष्ठीचं परमुलखातलं वांगं

आई चेन्नईला आली ती वांगी घेऊन. साताऱ्याजवळच्या आमच्या गावातली भरिताची वांगी, जुन्या लुगड्यात बांधलेली. बाजरीचं पीठ, पातीचा कांदा, भंडाऱ्याची पुडी हेही होतं, पण ते सगळं पिशवीत. वांगी मात्र गाडीत कुणी पळवील म्हणून तिने रात्री उशाला घेतली होती. चेन्नईतल्या अंबत्तूरला माझ्या खोलीवर येऊन तिने गाठोडं सोडलं, तर आत वांगी कमी आणि लगदाच जास्त. रात्रभर त्यांच्यावर डोकं ठेवून चोरांपासून त्यांचं रक्षण केल्यावर दुसरं काय होणार?

"बघ," आई म्हणाली, आणि तिच्या आवाजात दुःखापेक्षा विजय जास्त होता. "खंडोबाचीच इच्छा नाही."

मी तेव्हा गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला होतो. लग्न व्हायचं होतं. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती, आई गावी एकटी होती, आणि तिने कायमचं माझ्याकडे राहायला यावं म्हणून मी हात धुऊन मागे लागलो होतो. तिच्याकडे नकाराची कारणं तयार असत. मद्रासचं पाणी जड. मी पाणी गाळायचं यंत्र घेतलं. मद्रासला बोलायला माणूस नाही. मी मुद्दाम मराठी घरमालक शोधला. सगळी कारणं संपल्यावर तिने देवाला पुढे केलं. चातुर्मासात आमच्याकडे वांगं वर्ज्य. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच आपण खायचं. "ज्या गावात भरिताचं वांगं नाही तिथे देवाला काय इडली दाखवू?" असं तिने फोनवर विचारलं होतं. मी म्हटलं, ये आणि बघ. तिने ते आव्हान समजून स्वीकारलं.

घरमालकीणबाई तंजावरकडच्या मराठी. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेले. त्या प्रेमाने वर आल्या आणि म्हणाल्या, "बैसा बाई, बैसा. कापी घ्याल की?"

त्या गेल्यावर आई मला हळूच म्हणाली, "ही बोलते का पोथी वाचते?" म्हणजे बोलायला माणूस नाही हे कारण तिने पुन्हा जिवंत केलं.

चंपाषष्ठीला सकाळपासून पाऊस. मार्गशीर्षात चेन्नईला पाऊस पडतो, हा आईच्या मते या गावाचा आणखी एक आगाऊपणा. मी छत्री घेऊन मंडईत गेलो. वांग्यांना तोटा नव्हता. जांभळी, हिरवी, पट्ट्यापट्ट्यांची, पण सगळी सांबारात बुडण्याच्या मापाची. मी दोन्ही हातांनी आकार दाखवत फिरलो. शेवटी एका भाजीवालीने पोत्यामागून खरोखरची मोठी, चकचकीत वांगी काढली. मी विचार न करता तीन घेतली आणि लढाई जिंकल्यासारखा घरी आलो.

आईने एक वांगं उचललं, ठोकून पाहिलं आणि खाली ठेवलं. "रंगवलेला दुधी आहे. तू आणलायस, तूच भाज. मी हात लावायची नाही."

घरमालकीणबाईंनी कोळशाची शेगडी दिली. मी गॅलरीत बसलो. आई दारात खुर्ची टाकून बसली, मदतीला नव्हे, पंच म्हणून. मी वांग्यांना तेल चोळलं, सुरीने टोचे मारले आणि निखाऱ्यावर ठेवली. साल काळी पडून तडकली, देठाशी रस सुटून चरचरला. मी सोललेलं वांगं नळाखाली धरतोय का, हे बघायला आई खुर्चीतून पुढे झुकली. मी ते पाण्याला दाखवलंही नाही. बोटं भाजत, फुंकर मारत सगळं सोललं. पंच निराश होऊन मागे टेकला. मग भाजलेल्या मिरच्या मिठाबरोबर कुटल्या, कांद्याची पात चिरली, दाण्याचं कूट घातलं. भाकऱ्या मात्र तिने थापल्या. पीठ गावचं होतं ना.

तळी उचलायला पाच पुरुष हवेत. मी, घरमालक आणि माझ्या कारखान्यातले तिघे तमिळ दोस्त. भंडारा उधळल्यावर त्या तिघांनी "येळकोट"चा असा गजर केला की समोरच्या घरातले लोक बाहेर आले. आमच्या गावात इतक्या जोरात कुणी ओरडत नाही, हे आईलाही कबूल करावं लागलं.

मंडळी प्रसाद घेऊन गेली आणि आम्ही दोघं जेवायला बसलो. आईने भाकरीचा तुकडा मोडला, भरीत लावलं, खाल्लं. मग पुन्हा वाढून घेतलं. मी मनात तिची कॉट खिडकीशी लावूनही टाकली होती. आता कुठलं कारण काढशील?

"चांगलं झालंय," ती म्हणाली. "माझ्यासारखंच झालंय." आणि तिचे डोळे भरून आले. "दोन वर्षं मला घास गोड लागत नव्हता रे. पोरगं काय खात असेल, आमच्यामागे देवाचं कोण करील. आज बघितलं. सगळं येतंय तुला. आता मी तिकडे सुखाने राहीन. सोमवारचं तिकीट काढ."

मी गांगरलो. "अगं, भरीत चुकून जमलं. मला दुसरं काही येत नाही. वरणसुद्धा लागतं माझं."

"देवाच्या दिवशी खोटं बोलू नये."

एवढ्या मोठ्या मोहिमेत मी पाण्याबद्दल बोललो होतो, शेजाराबद्दल बोललो होतो, वांग्याबद्दल तर वाट्टेल तितकं. साधी गोष्ट तेवढी राहिली होती. ती आता बोललो. "आई, स्वयंपाकासाठी नाही गं. तू घरात हवीस मला."

तिने माझ्या ताटात उरलेलं भरीत वाढलं, भांडं बोटाने निपटलं.

"ते ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "खालचा बर्थ मिळतो का बघ."